विश्लेषण : आजोबांचा कृष्णधवल फोटो छापल्यावर हिरवट का दिसतो? प्रिंटर आणि शाई कशी निवडावी?

उंब्रज, चाफळ, मसूर परिसरातील जुन्या घरांच्या सोप्यात भिंतीवर एखादा तरी कृष्णधवल फोटो हमखास दिसतो. कुणी फेटा बांधलेला, कुणी पलटणीच्या गणवेशातला. अनेकदा त्या माणसाचा घरात तेवढा एकच फोटो असतो. ओल, वाळवी किंवा नुसत्या काळाने तो खराब होऊ लागला, की नवी प्रत काढण्याची घाई होते. कधी वर्षश्राद्धाचे निमित्त असते, कधी वाटणीनंतर प्रत्येक भावाला एक प्रत हवी असते. नवी प्रत येते तेव्हा ती छान दिसते. पण ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट वाटतो आणि दोन-चार वर्षांत फोटो तांबूस होऊन फिकट पडतो. तोवर मूळ फोटो कुठे गेला, हे कुणालाच आठवत नसते. हे टाळायचे असेल, तर प्रिंटर, शाई आणि कागद या तिन्हींची निवड समजून घ्यायला हवी.

जुना फोटो आणि आजची प्रिंट यांत फरक काय?

जुन्या कृष्णधवल फोटोतील काळा रंग म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. डार्करूममध्ये रसायनांच्या साह्याने कागदावर चांदीची प्रतिमा उमटत असे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ कागद एके काळी देशभरातील स्टुडिओंत वापरला जाई. रंगीत फोटोंच्या लॅब आल्या आणि हे काम जवळपास बंद पडले. आज लॅबमध्ये कृष्णधवल फोटो दिला, तर तो बहुतेक वेळा रंगीत फोटोच्या कागदावरच छापला जातो. इंकजेट प्रिंटरवर तो शाईच्या थेंबांतून तयार होतो. दोन्ही ठिकाणी राखाडी छटा रंगांच्या मिश्रणातून येते आणि खरी अडचण तिथेच आहे.

राखाडीत हिरवी किंवा गुलाबी झाक कुठून येते?

साध्या चार रंगांच्या प्रिंटरमध्ये निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळा आणि काळा या शाया असतात. गालावरची फिकट राखाडी छटा फक्त काळ्या शाईने छापली, तर थेंब विरळ पडतात आणि चेहऱ्यावर रवाळ ठिपके दिसतात. म्हणून प्रिंटर तीन रंग मिसळून राखाडी तयार करतो. या मिश्रणाचा तोल किंचित जरी ढळला, तरी डोळ्याला लगेच कळते. रंगीत साडीच्या फोटोत जी चूक खपून जाते, ती कृष्णधवल फोटोत लपत नाही.

त्यातही हे मिश्रण प्रत्येक उजेडात वेगळे दिसते. दारातल्या उन्हात राखाडी वाटणारा फोटो ट्यूबलाइटखाली हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसू शकतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कार्यालयीन वापराच्या काही प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट प्रकारची, तर रंगीत शाया डाय प्रकारच्या असतात. ही काळी शाई चकचकीत फोटो पेपरवर नीट बसत नाही. त्यामुळे सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला, की असा प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतो आणि काळा रंगही तीन रंगांतूनच बनवतो. टाकी काळ्या शाईने भरलेली असूनही फोटोतला काळा रंग तपकिरी का दिसतो, याचे उत्तर बहुधा हेच असते.

डाय आणि पिगमेंट शाईत फरक काय?

डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. तो कागदात मुरतो, चमक छान येते आणि शाई स्वस्त पडते. मात्र ऊन आणि हवेतील ओझोनसारखे वायू यांच्यामुळे तो लवकर उडतो. सगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून फोटो नुसता फिकट न होता त्याची छटाच बदलते.

पिगमेंट शाईत रंगाचे घन कण तरंगत असतात. ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि उजेडात बराच जास्त काळ टिकतात. काळ्या पिगमेंटमध्ये प्रामुख्याने कार्बन असतो. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांची शाई दिव्याची काजळी आणि डिंक यांपासून करत. तिचा काळेपणा शतकानुशतके टिकला, तो या कार्बनमुळेच. अमेरिकेतील जॉन कोन यांनी विकसित केलेल्या ‘पिझोग्राफी’ पद्धतीत हेच तत्त्व पुढे नेले आहे. त्यात प्रिंटरमधील रंगीत शाया काढून काळ्या-राखाडीच्याच वेगवेगळ्या छटा भरतात. ही पद्धत उत्तम असली, तरी त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आणि स्वतंत्र प्रिंटर लागतो. घरगुती वापरासाठी ती नाही.

मग कोणता प्रिंटर घ्यावा?

बाजारातील प्रिंटरचे या कामापुरते चार गट पाडता येतात.

पहिला, चार रंगांचे साधे टँक प्रिंटर. झेरॉक्स, दाखले, शाळेचे प्रकल्प यांसाठी ते योग्य आहेत. कृष्णधवल फोटोसाठी नाहीत.

दुसरा, सहा रंगांचे टँक प्रिंटर. उदाहरणार्थ एप्सनचा एल-८०५०. पासपोर्ट फोटो काढणाऱ्या स्टुडिओंत या प्रकारचे प्रिंटर दिसतात. यात फिकट निळसर आणि फिकट किरमिजी या दोन जादा शाया असल्याने त्वचा मऊ दिसते. मात्र राखाडी शाई नसल्याने कृष्णधवल फोटोत झाक येऊ शकते.

तिसरा, राखाडी शाई असलेले टँक प्रिंटर. उदाहरणार्थ एप्सनचे एल-८१६० व एल-८१८० किंवा कॅननचा जी-५७०. फिकट छटांसाठी तयार राखाडी शाई मिळत असल्याने रंगमिश्रण कमी होते आणि झाकही कमी होते. यांतील फोटोच्या शाया डाय प्रकारच्या आहेत, त्यामुळे टिकण्याची मर्यादा राहतेच. गावातल्या स्टुडिओसाठी खर्च आणि दर्जा यांचा मेळ या गटात बसतो.

चौथा, पिगमेंट शाईचे व्यावसायिक फोटो प्रिंटर. उदाहरणार्थ कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० किंवा एप्सनच्या शुअरकलर मालिकेतील फोटो प्रिंटर. प्रो-३०० मध्ये दहा टाक्या असतात. त्यांत चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक, खरखरीत कागदासाठी मॅट ब्लॅक आणि राखाडी शाई असते. एप्सनच्या अशा प्रिंटरमध्ये कृष्णधवल छपाईसाठी वेगळा मोडही मिळतो. प्रिंटर आणि शाई दोन्ही महाग, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकावा असा फोटो हवा असेल तर हाच गट.

स्वस्त ‘कम्पॅटिबल’ शाई भरावी का?

पत्र किंवा बिल छापायला ती चालून जाते. कृष्णधवल फोटोला मात्र ती सर्वांत आधी दगा देते. प्रिंटरमधील रंगांची गणिते मूळ शाईला धरून बसवलेली असतात. शाई बदलली, की राखाडीचा तोल बिघडतो. टिकाऊपणाची खात्रीही राहत नाही. दुसरी शाई वापरायचीच असेल, तर त्या शाई-कागदाच्या जोडीसाठी नवे कलर प्रोफाइल बनवून घ्यावे लागते. डाय शाईच्या प्रिंटरमध्ये पिगमेंट शाई ओतण्याचा सल्लाही काही ठिकाणी मिळतो. त्याने हेड तुंबण्याचा धोका वाढतो.

कागदाचे काय?

चकचकीत फोटो पेपरवर काळा रंग गडद दिसतो, पण काचेतून आणि त्याच्या स्वतःच्या चमकेतून दुहेरी चकाकी येते. फ्रेम करायची असेल तर सॅटिन किंवा लस्टर कागद बरा. पिगमेंट प्रिंटर असल्यास सुती धाग्यांपासून बनवलेला मॅट कागद जुन्या फोटोला शोभतो. फार पांढराशुभ्र कागद टाळावा. त्यात चकाकी आणणारी रसायने असतात आणि त्यांचा परिणाम ओसरला की कागद पिवळट दिसतो. सेटिंगमध्ये प्रत्यक्ष कागदाचाच प्रकार निवडणेही तितकेच गरजेचे आहे.

प्रिंटर विकत घ्यावा की बाहेरून छापावे?

घरातले दोन-चार फोटो छापायचे असतील, तर प्रिंटर घेण्यात अर्थ नाही. इंकजेट रोजच्या नाही तरी आठवड्याच्या वापरात हवा. उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिला, तर नोझलमध्ये शाई सुकते आणि हेड क्लीनिंगमध्ये महागडी शाई वाया जाते. अशा वेळी कराड, सातारा, कोल्हापूर किंवा पुण्यातील स्टुडिओत काम देणे परवडते. तिथे तीन प्रश्न विचारावेत : शाई पिगमेंट आहे का, प्रिंटरमध्ये राखाडी शाई आहे का, आणि आधी लहान नमुना छापून मिळेल का? नमुना हातात आला, की तो दुकानाच्या दिव्याखाली आणि बाहेर उजेडात असा दोन्हीकडे पाहावा.

स्टुडिओचालकासाठी हिशेब वेगळा आहे. महिन्याला कृष्णधवल मोठे फोटो मोजकेच येत असतील, तर तिसऱ्या गटातला प्रिंटर पासपोर्ट फोटोंसाठीही चालतो आणि सुकूनही पडत नाही. पिगमेंट प्रिंटर नियमित ऑर्डर असल्याशिवाय घेऊ नये.

छापण्याआधी आणि नंतर काय काळजी घ्यावी?

मूळ फोटोचा मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे, ही सर्वांत मोठी चूक. त्यात बारकावे जातात. फोटो स्कॅनरवरच घ्यावा. मूळ फोटो २ बाय ३ इंचांचा असेल, तर १२०० डीपीआयवर स्कॅन केल्यास २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल मिळते. त्यातून ८ बाय १२ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयने निघते. फाइल पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नये. तो काचेसकट स्कॅन करावा.

छापलेला फोटो किमान एक दिवस वाळू द्यावा. वाळताना छटा थोडी बदलते, त्यामुळे पसंती-नापसंती त्यानंतरच ठरवावी. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची जागा सोडावी, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो. थेट ऊन येणारी भिंत आणि देवघरातल्या समईची धग, दोन्ही टाळावीत.

आणि नवी प्रत भिंतीवर लागली, म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नये. त्याला लॅमिनेशनही करू नये. साध्या कागदी पाकिटात घालून तो कोरड्या कपाटात ठेवावा, मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि माहीत असल्यास साल लिहावे, आणि स्कॅनची फाइल निदान दोन ठिकाणी जपावी. प्रिंट बिघडली तर पुन्हा काढता येते, मूळ फोटो मात्र पुन्हा मिळत नाही.