सिटिझन होईपर्यंत थांबू नका

कोल्हापुरात अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी हल्ली पगारापासून सुरू होत नाही. ‘मुलगा कशावर आहे?’ हा पहिला प्रश्न असतो. एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्ड झालंय, की सिटिझन आहे? प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर ऐकल्यावर राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंतचे नातेवाईक जे सल्ले देतात, त्यातले बरेचसे ऐकीव असतात. ते ऐकून लग्न झालेली मुलगी दोन-तीन वर्षं सासरी नाहीतर माहेरी अडकून पडते.

सगळ्यांत महागात पडणारा समज असा: ‘ग्रीन कार्डवाल्याला बायको नेता येत नाही, सिटिझन झाल्यावरच अर्ज करायचा.’ प्रत्यक्षात ग्रीन कार्डधारक लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा बायकोसाठी आय-१३० हा अर्ज भरू शकतो. फरक अर्ज भरण्यात नाही, त्यानंतरच्या रांगेत आहे. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराच्या व्हिशांना वार्षिक मर्यादा नाही. अर्ज मंजूर झाला की कागदपत्रं आणि मुलाखत. ग्रीन कार्डधारकाची बायको मात्र ‘एफ-टू-ए’ या वर्गात मोडते. या वर्गाला सगळ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसे, आणि त्यात एकवीस वर्षांखालची मुलंही आली.

ही मर्यादेची भानगड तशी अलीकडची. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा व्हिसाही नव्हता आणि कोटाही. डॉक्टर होऊन परतताना त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूर संस्थानाच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये. काम करायला आयुष्य उरलं नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे १९१७ च्या कायद्याने भारतीयांना दार बंद झालं, १९४६ साली ते वर्षाला १०० माणसांपुरतं किलकिलं झालं, आणि १९६५ च्या कायद्याने आजची चौकट आली: नागरिकाचे जोडीदार, अल्पवयीन मुलं आणि आईवडील मर्यादेबाहेर, बाकीचे रांगेत.

मग थांबायचं का नाही? कारण अर्ज एकदा आत गेला की त्याची तारीख पक्की होते, आणि नवरा नागरिक झाला की तीच फाईल नागरिकाच्या जोडीदाराची फाईल होते. बायकोसाठी नवा अर्ज नाही, नवी फी नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाला चार वर्षं झाली असतील तरी अर्ज आजच भरावा, कारण आय-१३० तपासून मंजूर व्हायलाच बरेच महिने जातात. ते महिने त्याच्या नागरिकत्वाच्या वाटचालीत आपोआप वसूल होतात. शिवाय एफ-टू-एची रांग कायम लांबच असते असंही नाही. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत या वर्गाला रांगच नव्हती. त्या काळात ‘सिटिझन होऊ दे’ म्हणत बसलेल्यांनी उघड्या दाराबाहेर मुक्काम केला. एप्रिल २०२३ पासून पुन्हा काही वर्षांची रांग आहे. ती किती सरकली हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. ते फुकट वाचायला मिळतं, त्यासाठी एजंटाला पैसे मोजायची गरज नाही.

याच बुलेटिनवरून दुसरा घोळ होतो. भारताच्या नावापुढे दहा-बारा वर्षं मागची तारीख बघून सासरे कपाळाला हात लावतात. ती तारीख नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची असते, बायकोची नव्हे. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची जी कात्री लागते, तिच्यातून एफ-टू-एचे पाऊण व्हिसे कायद्यानेच वगळलेले आहेत. त्यामुळे भारताची तारीख सहसा बहुतेक देशांच्या बरोबरीने चालते.

आता ज्या तारखेकडे कुणी बघत नाही तिच्याकडे येऊ: लग्न आधी की ग्रीन कार्ड आधी? मुलाचं ग्रीन कार्ड नोकरीवरून मंजूर होण्यापूर्वी लग्न झालेलं असेल, तर बायकोला आय-१३० लागतच नाही. नवऱ्याच्या मूळ अर्जाच्या आधाराने, त्याच्याच रांगेतली तारीख वापरून ती मागाहून जाऊ शकते. त्याने अर्जात तेव्हा तिचं नाव घातलेलं नसलं तरी चालतं. अट एवढीच की तिच्या व्हिशाच्या वेळी ती तारीख खुली असायला हवी. लग्न मंजुरीनंतर झालं तर हा मार्ग बंद आणि एफ-टू-ए सुरू. म्हणजे साखरपुडा दिवाळीत, मंजुरी मार्चमध्ये आणि लग्न मेमध्ये, अशा घरात अडीच महिन्यांच्या फरकाने वर्षांचा हिशेब बदलतो. म्हणून काही कुटुंबं मुहूर्ताची वाट न पाहता आधी विशेष विवाह कायद्याने लग्न लावून घेतात. त्यात चूक काही नाही. पण नोटिशीचे तीस दिवस त्यात धरा, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या तोच लग्नाचा दिवस, हे ध्यानात ठेवा. मग पत्रिकेवर मेची तारीख, दाखल्यावर जानेवारीची, आणि अर्जात भलतीच, असं झालं की मुलाखतीला खुलासे करत बसावं लागतं. जी कायद्याने लग्नाची तारीख तीच सगळीकडे लिहावी. मेमधल्या सोहळ्याला सोहळा म्हणावं.

‘नवरा सिटिझन झाला की फाईल आपोआप पुढे सरकते’ हा समज अर्धाच खरा. हक्क आपोआप बदलतो, फाईल बदलत नाही. शपथविधी झाला की नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची किंवा अमेरिकी पासपोर्टाची प्रत पाठवून कळवावं लागतं. आय-१३० अजून तपासणीत असेल तर इमिग्रेशन खात्याला, मंजूर होऊन पुढे गेला असेल तर नॅशनल व्हिसा सेंटरला. हे न कळवल्यामुळे फाईल जुन्याच रांगेत पडून राहू शकते, आणि कार्यालयाकडून ‘अभिनंदन, आता या’ असं पत्र येत नाही.

मुलांच्या बाबतीत तर ही बढती उलटी पडू शकते. ग्रीन कार्डधारकाने बायकोसाठी अर्ज केला की लहान मूल त्याच अर्जाच्या पदराला बांधून जातं. नागरिकाच्या बायकोच्या अर्जाला असा पदरच नाही. तिथे प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० हवा. म्हणजे बाप नागरिक झाला त्या दिवशी आईची वाट मोकळी होते आणि मुलाचा आधार सुटतो. सुरुवातीलाच दोन अर्ज भरलेले असतील तर हा प्रश्न येत नाही. मग वयाचीही भीती बाळगू नये: मूल बाप नागरिक होतो त्या दिवशी एकवीसच्या आत आणि अविवाहित असेल, तर त्याचं वय कायद्याच्या हिशेबी तिथेच थांबतं.

बाळंतपण कोल्हापुरात झालं असेल तर आणखी एक तारीख बघायची. बाळ सोमवारी जन्मलं आणि बापाने शुक्रवारी शपथ घेतली, तर ते जन्माने अमेरिकी नाही; त्याला इमिग्रंट व्हिसा लागेल. मात्र अठराच्या आत ग्रीन कार्डवर तिथे जाऊन नागरिक असलेल्या बापाच्या ताब्यात राहायला लागलं, की २००० च्या कायद्याप्रमाणे आपोआप नागरिक होतं. उलट शपथ आधी आणि जन्म नंतर, आणि बाप जन्माआधी एकूण पाच वर्षं अमेरिकेत राहिलेला (त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची), तर बाळ जन्मतःच अमेरिकी. त्याची नोंद व्हिशाच्या खिडकीवर होत नाही. ती नागरिकांच्या विभागात करायची.

मधल्या काळाचं काय? ‘अर्ज भरलाय, आता तिकडे जाऊन राहायला हरकत नाही’ असं अनेकांना वाटतं. आय-१३० भरल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. टुरिस्ट व्हिसा मागता येतो, पण कायमचं जाण्याचा इरादा कागदावर दिसत असताना अधिकारी तो बहुधा नाकारतो. तिची स्वतःची एच-वन-बी नोकरी असेल तर गोष्ट निराळी, तिथे असा दुहेरी इरादा चालतो. इथेच एजंट मंडळींचा एक सल्ला येतो आणि तो घातक आहे. टुरिस्ट व्हिशाच्या डीएस-१६० अर्जात स्पष्ट प्रश्न आहे: तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? ‘नाही म्हणा, त्यांना कळत नाही’ असं सांगितलं जातं. त्यांना कळतं. खोटं सापडलं तर साधा नकार येऊन भागत नाही, अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते, आणि मग नवरा नागरिक असूनही माफीसाठी वेगळा अर्ज करत फिरावं लागतं.

नवऱ्याने इकडे येऊन राहायचं ठरवलं तर त्याचं नागरिकत्व लांबतं. पाच वर्षांतले निदान तीस महिने तो प्रत्यक्ष अमेरिकेत हवा. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं, ते खोडून काढणं त्याच्याकडे. वर्ष झालं की तुटलंच. री-एन्ट्री परमिट काढलं होतं ही सबब इथे चालत नाही. परमिट ग्रीन कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचे दिवस वाचवत नाही.

कागदांचा विषय आपल्याकडचा खास आहे. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, त्यात हळद, लग्न, जोतिबा, अंबाबाई, पाहुण्यांची जेवणं. आणि विवाह नोंदणीचा अर्ज राहून जातो. त्यावर वधू-वर, तीन साक्षीदार आणि भटजी अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. विमानात बसण्यापूर्वी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत हे उरकलेलं बरं. दुसरी अडचण नावाची. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव आत्याबाईंना प्रिय असेल, फाईलला नाही. लग्नानंतर पासपोर्टावर सासरचं नाव घातलंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाने अर्ज केला, मध्येच राजपत्रात नाव बदललं, पोलीस दाखला तिसऱ्याच नावाने आला, की तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसायचं. अर्जात ‘इतर नावं’ असा रकाना असतो. तिथे सगळी लिहावीत आणि मुंबईतली मुलाखत होईपर्यंत पासपोर्टाला हात लावू नये. जन्मदाखल्याचंही तसंच. आजोळी, निपाणीत नाहीतर चंदगडच्या एखाद्या खेड्यात जन्म झालेला, आणि दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा. जन्म निपाणीतला असेल तर दाखला कर्नाटकातून काढायचा. हे काम मुलाखतीचं पत्र आल्यावर सुरू करण्याचं नव्हे.

तिथे पोचल्यावरचे दोन समज थोडक्यात. लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी आय-१३०वर गेलेल्या बायकोला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. संसार खरा आहे हे दाखवून शर्त उठवण्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत करायचा. आणि ‘नागरिकाच्या बायकोला तीन वर्षांत सिटिझनशिप’ हे खरं असलं, तरी ती तीनही वर्षं नवरा नागरिक असायला हवा आणि दोघं एकत्र राहत असायला हवीत. मुलीच्या वडिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: नवऱ्याने भरलेला आय-८६४ हा आधाराचा करार घटस्फोटाने संपत नाही.

टोरांटोच्या चुलतभावाचा सल्ला अमेरिकेच्या फाईलला लावू नये, हेही सांगायला हवं. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात कायम रहिवासी आणि नागरिक या दोघांच्या जोडीदारासाठी अर्जाचा वर्ग एकच आहे. बढतीचा हा सगळा खटाटोप अमेरिकेचा. कॅनडाची अट वेगळी आहे: कायम रहिवासी असेल तर अर्ज चालू असताना त्याने कॅनडातच राहायला हवं, नागरिकाला ती सक्ती नाही.

राहता राहिली शेती. शपथ घेताच मुलाचं भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने संपतं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि हवं तर ओसीआय कार्ड मिळतं. बायको मात्र भारतीयच राहते, तिने स्वतः शपथ घेईपर्यंत. ‘सिटिझन झाला की उसाची जमीन गेली’ हे काही खरं नव्हे. वडिलोपार्जित जमीन वारसाने येते आणि सातबाऱ्यावर नावही लागतं. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण ती बंदी शपथेने येत नाही. परकीय चलन कायद्याखाली ती परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही तेवढीच लागू आहे. म्हणजे ग्रीन कार्डावर असताना शेजारचा एकर घेऊन ठेवू, मग सिटिझन होऊ, हा बेतही त्याच कायद्यात अडकतो. जमीन विकायची झाली तर गिऱ्हाईक भारतात राहणारा भारतीय नागरिकच लागतो, आणि महाराष्ट्रात तो सहसा शेतकरीही असावा लागतो.