मेलेल्या चिलटांनी सावरलेली पोर्शे ९१७

ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शेनं १९५१ सालीच ११०० सीसीचा गट जिंकला होता. पण एकूण शर्यतीत पहिलं यायला १९७० उजाडावं लागलं. तो मान मिळवून दिला ९१७नं.

नियमाप्रमाणे अशा २५ गाड्या बांधणं भाग होतं. एप्रिल १९६९मध्ये पोर्शेचे अभियंते फर्डिनांड पीएख यांनी श्टुटगार्टच्या कारखान्यात त्या सगळ्या ओळीनं उभ्या करून दाखवल्या. हवेनं थंड होणारं १२ सिलिंडरचं, साडेचार लिटरचं इंजिन! वेग अफाट, पण मागची बाजू रस्ता सोडू पाहायची. त्याच वर्षी ले माँला पहिल्याच फेरीत ९१७ चालवणारे जॉन वुल्फ अपघातात गेले.

उपाय सापडला ऑस्ट्रियात. चाचण्यांच्या वेळी अभियंते जॉन हॉर्समन यांना दिसलं, की गाडीच्या पुढच्या अंगावर मेलेल्या चिलटांचा सडा पडलाय, शेपूट मात्र स्वच्छ. म्हणजे हवा मागच्या भागाला शिवतच नव्हती, मग तो खाली दाबला जाणार कसा? ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून तिथल्या तिथे आखूड, वर चढत जाणारी शेपूट तयार झाली आणि गाडी ताब्यात आली. इतकं साधं निरीक्षण इतकं मोलाचं ठरल्याचं दुसरं उदाहरण शर्यतींच्या जगात सहज सापडणार नाही.

१९७०च्या पावसात हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड लाल-पांढऱ्या ९१७मधून जिंकले. आदल्या वर्षी जेमतेम शंभरेक मीटरनं हरलेल्या हेरमान यांनी पत्नीला दिलेला शब्द पाळत लगेच निवृत्ती घेतली.

१९७१मध्ये ले माँला चालक हेल्मुट मार्को आणि खाइस व्हान लेनेप यांनी ९१७मधून २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले. हा विक्रम थेट २०१०मध्ये ऑडीनं मोडला.