नाव आणि वस्तू : संगणक प्रकार कसा ओळखतो?

‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव आहे, हे भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला त्याच्याच रथाचे उदाहरण देऊन पटवून दिले. ‘मिलिंदपञ्ह’मधील हा संवाद आपल्याला परिचित आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत आपली मुले जे संगणकशास्त्र शिकतात, त्यातील एक प्रश्न याच वाटेने उलगडतो.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कम्पायलर. ‘सी’ भाषेत प्रत्येक नावाखाली कोणत्या प्रकारचे मूल्य राहील, हे आधीच सांगावे लागते. वसतिगृहाच्या कोठीत एका कणगीत फक्त दादर, दुसरीत फक्त तूर असावी, तसे हे आहे. आत डोकावण्याचे कारण उरत नाही. पायथन (१९९१) व जावास्क्रिप्ट (१९९५) या भाषांत मात्र प्रकार नावाला नव्हे, मूल्याला चिकटलेला असतो. येथे चिठ्ठी कणगीवर नसून पोत्याच्या तोंडाला बांधलेली असते. पोते कोठेही ठेवता येते. परंतु वापरताना दर वेळी चिठ्ठी वाचावी लागते.

ती का वाचावी? ३५ आणि ५ या संख्यांची बेरीज ४० होते. पण ३५ हे अक्षररूपात आले असेल, तर जावास्क्रिप्ट दोन्ही जोडून ‘३५५’ करते; पायथन चूक दाखवून थांबते. गुणपत्रकात हा फरक क्षुल्लक नाही.

दर वेळच्या तपासणीने काम मंदावते. म्हणून क्रोम ब्राउझरमधील ‘व्ही८’सारखी इंजिने प्रोग्राम चालू असतानाच निरीक्षण करतात. एखाद्या ठिकाणी वारंवार संख्याच येत असतील, तर पुढेही संख्याच येतील असा तर्क करून कम्पायलर तेवढ्यापुरती वेगवान यंत्राज्ञा तयार करतो. मात्र तिच्या दाराशी एक छोटी तपासणी ठेवतो. सर्व शक्यता पडताळण्याऐवजी एकच प्रश्न : ही संख्या आहे ना? उत्तर नकारार्थी आले, की ती वेगवान वाट सोडून तो पुन्हा सावकाश, सर्व प्रकारांना सामावणाऱ्या वाटेवर येतो.

अनुभवावरून तर्क करावा, पण तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा आणि खोटा ठरताच सोडून द्यावा, हीच येथील शिस्त. ‘एहिपस्सिको’ म्हणणाऱ्या धम्माच्या अनुयायांना ती नवी नाही. आडनाव ऐकताच माणसाची कुवत ठरवणारा समाज आपल्या पिढ्यांनी अनुभवला आहे. म्हणूनच ही शिस्त आपल्या मुलांनी प्रोग्राम लिहिताना आणि माणसे पारखताना, दोन्हीकडे पाळावी, ही सदिच्छा.