बोअर, चेंबर आणि काडतूस : एका बंदुकीत अनेक काडतुसे चालण्याचा प्रश्न

बंदुकीचा निर्देश करताना तिच्या नळीच्या आतील व्यासाचा, म्हणजे बोअरचा, उल्लेख करण्याचा प्रघात आहे. परवान्यावर, पंचनाम्यात व न्यायालयातील साक्षीत तोच आकडा येतो. त्यावरून एका बोअरच्या शस्त्रात त्याच नावाचे काडतूस चालते आणि दुसरे चालत नाही, असा समज सहज होतो. हा समज दोन्ही अंगांनी सदोष आहे. निरनिराळ्या नावांची काडतुसे एकाच शस्त्रात निर्धोकपणे चालतात, आणि एकाच आकड्याची दोन काडतुसे परस्परांच्या शस्त्रात बसतही नाहीत.

याचे कारण शस्त्राच्या रचनेत आहे. गोळी नळीतून जाते हे खरे. परंतु काडतूस राहते ते नळीच्या मागील टोकाशी कोरलेल्या पोकळीत. या पोकळीस चेंबर म्हणतात. कोणते काडतूस आत जाईल, किती खोल जाईल आणि कोठे अडेल हे चेंबरचा आकार ठरवितो. रिव्हॉल्व्हरच्या बहुतेक काडतुसांच्या बुडास बाहेर आलेली कडा असते व ती कडा चेंबरच्या तोंडाशी अडते. यास्तव काडतूस चेंबरपेक्षा आखूड असले तरी ते आत घसरत नाही आणि घोड्याचा आघात टोपीवर बरोबर पडतो. एका शस्त्रात अनेक काडतुसे चालण्याचे मर्म बहुतांशी या साध्या कडेत आहे.

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही जोडी याचे उत्तम उदाहरण होय. दोहोंच्या गोळीचा व्यास वस्तुतः एकच, म्हणजे सुमारे .३५७ इंच आहे. मग एकाचे नाव .३८ कसे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात .३६ बोअरची टोपीदार रिव्हॉल्व्हरे धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेण्यात आली, तेव्हा गोळी कोशाच्या बाह्य व्यासाइतकीच रुंद असे. पुढे गोळी कोशाच्या आत बसू लागली आणि बारीक झाली. नाव मात्र कोशाच्या मापावरच राहिले. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमारास आले. त्यावरून १९३० नंतरच्या दशकात .३५७ मॅग्नम तयार झाले, त्या वेळी कोशाची लांबी १.१५५ इंचांवरून १.२९ इंच करण्यात आली. ही वाढ दारूस जागा हवी म्हणून नव्हती. नव्या काडतुसाचा दाब चौरस इंचास सुमारे ३५,००० पौंडांपर्यंत जातो. जुन्याची मर्यादा १७,००० आहे. जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरात ते चुकून घातले जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम लांब केले गेले. अर्थात् मॅग्नमच्या शस्त्रात स्पेशल चालते, उलट चालत नाही. (आखूड काडतुसे पुष्कळ झाडल्यास चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते आणि लांब काडतूस अडू लागते, परंतु तो सफाईचा प्रश्न आहे.)

याच्या उलट उदाहरण ब्रिटिश लष्कराच्या .३८ चे, म्हणजे ज्यास .३८० असेही म्हणतात त्या काडतुसाचे. वेब्ली व एन्फील्ड रिव्हॉल्व्हरांतून ते वापरले जाई. त्याचा कोश स्पेशलपेक्षा आखूड पण किंचित रुंद असल्याने ते सामान्यतः स्पेशलच्या चेंबरमध्ये शिरत नाही. आकडा सारखा, नाते मात्र नाही.

कडा नसलेल्या काडतुसांची गोष्ट वेगळी. १९१७ साली अमेरिकन सैन्यासाठी पिस्तुलाचे .४५ काडतूस रिव्हॉल्व्हरात वापरण्याचा प्रसंग आला, तेव्हा तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पोलादी पट्ट्या कराव्या लागल्या. स्वयंचलित शस्त्रात आणखी एक अडचण येते : आखूड काडतूस उडाले तरी त्याच्या धक्क्याने यंत्रणा मागे सरकेलच असे नाही. .२२ लाँग रायफलच्या शस्त्रात .२२ शॉर्ट घालणारास हा अनुभव येतो.

भारतात या सर्व चर्चेस कायद्याचे वजन आहे. लष्करी दारूगोळा चालणारे शस्त्र खाजगी हाती जाऊ नये, हे ब्रिटिश अमदानीपासूनचे धोरण. त्यातूनच .३०३ ऐवजी .३१५ ची शिकारी रायफल रूढ झाली. दोन्ही बोअरांत फरक एका इंचाच्या बारा सहस्रांशांचा, म्हणजे जवळजवळ नगण्य. खरी भिंत चेंबरची आहे : .३१५ च्या कोशाचा खांदा बराच मागे असल्याने .३०३ चे काडतूस तेथे पूर्ण बसतच नाही. १९६२ च्या शस्त्रनियमांच्या पहिल्या परिशिष्टात हेच तत्त्व शब्दांत आले. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींबरोबरच, तो लष्करी दारूगोळा ज्यांच्या चेंबरमध्ये बसून झाडता येईल अशा अन्य कोणत्याही बोअरच्या रायफली त्या वर्गात घातल्या गेल्या; .३८० च्या कडेदार काडतुसाबाबत पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे यांनाही तोच निकष लावला गेला. बोलीत ‘निषिद्ध बोअर’ हा शब्द रूढ असला, तरी नियमकर्त्यांची दृष्टी चेंबरवर होती, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

या निकषाची कसोटी पाहणारे एक शस्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला .३८० काडतुसांची रिव्हॉल्व्हरे मोठ्या संख्येने पुरविली. युद्धानंतर त्यांतील अनेकांची चेंबरे पुढे कोरून .३८ स्पेशलसाठी लांब करण्यात आली. मागील भाग मूळचाच रुंद राहिल्याने स्पेशलचा कोश तेथे झाडल्यावर फुगतो, आणि जुने .३८० ही पूर्वीसारखेच बसते. अशा शस्त्राच्या नळीवर कोणताही आकडा कोरलेला असो, ते कोणत्या वर्गात पडते हे चेंबरचे माप घेतल्यावाचून सांगता येत नाही.