शहराच्या कुशीतलं वाळवंट : ९ – सग्वारोतले भाडेकरू

एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि विषय माझ्या भलत्याच आवडीचा निघाला. मुलाकडे फीनिक्सला गेल्या असताना साउथ माउंटनच्या पायवाटेवर त्यांनी सग्वारो निवडुंगाचा फोटो काढला. बुंध्यावर, बऱ्याच उंचीवर, मुठीएवढी चार-पाच भोकं. विचारतात, ‘‘हा रोग की कुणी गोळ्या झाडल्यात?’’

गोळ्यांची शंका अगदीच वेडगळ नाही. १९८२ साली फीनिक्सबाहेर एका इसमाने मजा म्हणून सग्वारोवर बंदूक चालवली. निवडुंगाचा भलाथोरला फाटा तुटून त्याच्याच अंगावर आला आणि तो मेला. पाण्याने भरलेला जुना सग्वारो काही टनांचा असतो, हे त्याच्या ध्यानात नसावं.

बाईंच्या फोटोतली भोकं मात्र सुतार पक्ष्याची. हीला वुडपेकर. हा पठ्ठ्या गर कोरून ढोली करतो आणि लगेच राहायला जात नाही. आतला ओला गर वाळायला काही महिने लागतात. तोवर निवडुंगही गप्प बसत नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून जखमेभोवती तो टणक अस्तर धरतो. ढोलीला आपोआप भिंती मिळतात. दिवसा बाहेरच्यापेक्षा गारवा, रात्री ऊब.

सुतार गेला की पोटभाडेकरू येतात. त्यांतला माझा लाडका म्हणजे एल्फ घुबड. वजन जेमतेम ४० ग्रॅम, जगातलं सगळ्यात हलकं घुबड. हिवाळा मेक्सिकोत काढून वसंतात परततं आणि कीटकांबरोबर विंचूही खातं. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. सुतार नसता तर सग्वारोच्या रानात त्याची पंचाईतच होती.

सग्वारो मेला की गर कुजून जातो, उरतात आतल्या लाकडी फासळ्या आणि हे अस्तर. आकार साधारण बुटासारखा, म्हणून तिथले लोक त्याला ‘सग्वारो बूट’च म्हणतात. असा एक मी हातात घेऊन पाहिलाय. बाहेरून खडबडीत, वजनाला हलका आणि करवंटीसारखा कडक. तिथल्या मूळच्या ओऽडम लोकांनी त्याचा भांडी म्हणून वापर केला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो. फाटे फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं. ढोलीजोगा बुंधा म्हणजे कुणाच्या तरी पणजोबाच्या वयाचा. २०२३च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये ओळीने ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि शहरातले कित्येक जुने सग्वारो आडवे झाले. रोप आज लावलं तरी ती जागा भरून यायला दोन पिढ्या जातील.

एप्रिल-मे महिन्यांत ॲरिझोनात मुलांकडे जाणार असाल, तर टूसॉनच्या सग्वारो नॅशनल पार्कात दिवस मावळताना जा. ढोल्यांकडे नजर ठेवा, पण विजेरीचा झोत आत मारू नका. वाटेत बूट पडलेला दिसला तर तिथेच राहू द्या. पार्कातून काहीही उचलून नेणं हा गुन्हा आहे.