स्कूटरचं विसरलेलं तेल

पुण्यात कसबा गणपतीपासून फडके हौदापर्यंत जाताना दहा वेळा ब्रेक, दहा वेळा पिकअप. हा जोर चाकापर्यंत पोचवायला बिनगिअरच्या स्कूटरलाही मागच्या चाकापाशी दातेरी चाकं असतात आणि त्यांचं तेल, म्हणजे गिअर ऑइल, इंजिन ऑइलहून वेगळं असतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. जुन्या चेतकचं गिअर ऑइलही असंच स्वतंत्र होतं. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच तेल इंजिन, क्लच, गिअर सांभाळतं. स्कूटरला हे गिअर ऑइल लागतं जेमतेम १००-१२५ मिलिलिटर. एवढंसं म्हणूनच बदलायचं राहून जातं. सर्व्हिसिंगला देताना त्याचं नाव घेऊन बदलायला सांगा. काढलेलं तेल मुद्दाम बघा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, चकाकता चुरा असेल तर दाते झिजताहेत. मागच्या चाकाशी तेलाचा डाग दिसला, तर आधी सील तपासून घ्या.