सरकीची पुरचुंडी, गुडघ्याची वाटी

दसरा सरला की मानवतला कापसाचे दिवस येतात. जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग लागतात. यंत्रातून रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. रुई दाबून तिच्या १७० किलोच्या गाठी होतात आणि त्या दूरच्या गिरण्यांची वाट धरतात. सरकीचं तेल निघतं, उरलेली पेंड म्हशीला. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, पण काळ्या रानातल्या कापसाने त्याला बाजारपेठेचं नाव मिळवून दिलं. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर याच गावाच्या नावाचं ‘मानवत रोड’ स्टेशन आहे. नावातला ‘रोड’ खरा, कारण गाव तिथून काही किलोमीटर लांब.

कापसाचा भाव रोज विचारला जातो. कापूस पिकवणाऱ्या गुडघ्यांकडे मात्र लक्ष जातं ते जिना चढता येईनासा झाल्यावर. वेचणी कंबर वाकवून, खुरपणी उकिडवं बसून. काळ्या मातीत पाय रुततो, गुडघा पिळतो. त्यावर घरी चूल, भांडी, सारवण, म्हणजे पुन्हा जमिनीवर उठबस. पन्नाशीच्या आसपास बाई म्हणू लागते, ‘गुडघे धरलेत.’ दवाखान्यात तिला सांगतात, ‘वंगण संपलं.’ बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या मुलखाला हे पटकन पटतं. पुढचा विचार ओघानेच येतो: वंगण संपलंय, तर तेल घाला की!

मराठवाड्यातली मालिश इथून सुरू होते. तिच्यात खूप शहाणपण आहे, पण हा पहिला समज तेवढा चुकीचा. कातडीवर चोळलेलं तेल सांध्यात उतरत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोसतो तो सांध्यातला द्रव, आणि पाय हलला, दाब पडला नि सुटला, तरच तो तिच्यात आतबाहेर होतो. झिजलेली कूर्चा कोणत्याही बाटलीतून परत येत नाही. मग चोळल्यावर बरं का वाटतं? उत्तर गुडघ्याच्या वर, मांडीत आहे. दुखरा गुडघा माणूस जपून वापरतो, मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि वाळतो. तो दुबळा झाला की चालताना बसणारे हिसके थेट सांध्याला पोचतात, दुखणं वाढतं, चालणं आणखी कमी होतं. चोळणारा हात हे रहाटगाडगं मध्येच थांबवतो. आखडलेला स्नायू सैलावतो, दुखण्याचा निरोप काही काळ मंदावतो, आणि तेवढ्या वेळात माणूस चार पावलं जास्त टाकतो.

म्हणून जाणता हात गुडघ्यावर आधी पडतच नाही. रुग्ण बाजेवर, गुडघ्याखाली उशी. तेल कोमट करायचं, तळहातावर घासून घ्यायचं. मांडीवरून वरच्या दिशेने लांब, सावकाश हात फिरवायचा, मग स्नायू मुठीत धरून कणीक तिंबल्यासारखा मळायचा. पोटरीचंही तसंच. वाटीची पाळी त्यानंतर. पाय सरळ आणि सैल असला की वाटी बोटांच्या चिमटीत डावी-उजवीकडे किंचित सरकते. ती सरकत नसेल तर मांडी अजून सुटलेली नाही असं समजून परत वर जायचं. वाटीच्या कडेने अंगठ्यांनी छोटे गोल. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात मात्र अंगठा रोवायचा नाही, तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते. तालमीतले वस्ताद हे पुस्तकाविना शिकले. युरोपात हीच कामं एकोणिसाव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरांच्या परंपरेने फ्रेंच नावांनी मांडली, आणि जगभर ती ‘स्वीडिश मालिश’ म्हणून खपली. डच माणूस, फ्रेंच शब्द, स्वीडनचं नाव. आपल्याकडे ‘चोळणं, मळणं, रगडणं’ एवढ्यावर भागतं.

तेल कोणतं, यावर मात्र घरोघरी मतं. परभणी हा करडईचा मुलूख. इथल्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. सोयाबीनने करडईची रानं खाल्ली, तरी घाण्याचं करडई तेल भाजीला आणि अंगाला दोन्हीकडे चालतं. गंमत अशी, की चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतिज स्नेहांमध्ये तिळाचं तेल सर्वांत हितकर आणि कुसुंभाचं, म्हणजे करडईचं, सर्वांत अहितकर गणलंय! मराठवाड्यातल्या आज्यांनी हे कधी मनावर घेतलं नाही. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तेलाचं पहिलं काम हात घसरवणं हे आहे आणि ते करडईही करते. तिचा खरा दोष वेगळाच: हवेत ती चिकट होऊन सुकते, रंगांत वापरतात ती त्याच गुणामुळे. गोधडीवरचा डाग जन्मभर राहतो.

विकतच्या बाटल्यांनाही दीडशे वर्षांचा इतिहास आहे. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं, सांडू ब्रदर्स १८९९ चं. महानारायण तेलाची ओळख मराठी घरांना अशाच कारखान्यांमुळे झाली. महाविषगर्भ तेलाच्या नावातलं विष मात्र शोभेचं नाही, त्यात धोतरा आणि बचनाग असतो. चिरलेल्या कातडीला ते लावू नये आणि चोळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरी थापू नये.

आता सरकीकडे येतो. केरळातल्या वैद्यांकडे ‘कार्पासास्थ्यादि तैल’ मिळतं. कार्पासाची अस्थी म्हणजे कापसाचं हाड, म्हणजेच सरकी. वातविकारांवर चोळायला ते तिकडे आजही सर्रास देतात. चक्रदत्त या ग्रंथात आमवातासाठी शेकाची जी पुरचुंडी सांगितली आहे तिच्यातही सरकी येते, कुळीथ, तीळ, जव यांच्या सोबतीला. मानवतच्या जिनमधून जी ढिगांनी बाहेर पडते ती शास्त्रात औषध म्हणून बसलेली आहे, आणि गावातली म्हातारी मात्र विटेने, वाळूने किंवा जाड्या मिठाने शेकते. तिचंही चालतंच. रुईच्या, म्हणजे कापसाच्या नव्हे तर चिकाच्या झुडपाच्या, पानाला तेल लावून, ते तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधायचं, ही रीतही जुनी. पण रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला विटेचा शेक देऊच नये. भाजल्याचं त्याला कळत नाही, कळतं तेव्हा फोड आलेला असतो.

आमवात आणि झिजेचा संधिवात यांत गल्लत करू नये. माधवनिदान हा ग्रंथ सातव्या-आठव्या शतकातला. आमवाताला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्य सांगतात, आमवातात सुरुवातीला तेल लावू नका, कोरडा शेक द्या. आजचे डॉक्टर शब्द वेगळे वापरतात, सल्ला जवळपास तोच: सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्याला रगडू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर अजिबात हात लावू नका. आत रक्ताची गाठ असली तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी गाडी काढून दवाखाना गाठावा.

झिजेच्या गुडघ्याची मालिश तपासूनही पाहिली गेली आहे. अ‍ॅडम पर्लमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००६ साली ६८ जणांवर आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखणं आणि ताठरपणा उतरला. २०१२ मध्ये १२५ जणांवर मात्रा ठरवली: आठवड्यातून एकदा, पुरा तास. डिसेंबर २०१८ मध्ये २२२ जणांचा अभ्यास आला. आठ आठवड्यांनी मालिशवाल्यांना नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा स्पष्ट फायदा दिसला, वर्षअखेर मात्र गटांमधला फरक ठळक उरला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. फक्त ‘एकवीस दिवसांत गुडघा नवा’ म्हणणाऱ्या फलकाखालून न थांबता पुढे जावं.

मालिशीने मिळालेला सैल तास वाया मात्र घालवू नये. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही मोजून झालंय. खुरपताना उकिडवं बसण्याऐवजी बुटकं स्टूल सरकवत नेलं तर शेजारचे हसतात. हसू द्यावं.

आणि चोळणारीचं काय? बहुतेक घरांत ती सूनच. सासूचा पाय मांडीवर घेऊन तीही जमिनीवरच बसलेली, गुडघे मुडपून, दिवसभराच्या वेचणीनंतर. सासूला बाजेवर निजवावं, आणि सुनेने शेजारी बाजेच्या उंचीचं स्टूल घ्यावं.